पक्कं घर

मतदार यादीच्या त्या पानावर आमच्या घरातल्या चारही नावांना मिळून एकच कंस काढला होता आणि कंसाच्या टोकाला हिरव्या शाईत एकच शब्द होता, 'पक्कं'.

2 डिसेंबर 2025. नगरपरिषदेच्या मतदानाची सकाळ. केंद्रापासून ठरलेल्या अंतरावर पक्षांची टेबलं मांडलेली. आमच्या पक्षाच्या टेबलावरचा पोरगा माझ्याच शाळेतला. "बाई, थांबा, तुमचा अनुक्रमांक काढून देतो," म्हणत त्याने यादी पुढ्यात ओढली आणि बोट फिरवायला लागला. मुलांच्या पुढ्यात उभं राहून वह्या तपासण्यात हयात गेल्यामुळे मला उलटं अक्षरही सरळ वाचता येतं. आमच्या वरच्या घरासमोर प्रश्नचिन्ह आणि 'दोनदा भेटलो'. त्याच्या वर 'साहेबांनी फोन करावा'. काही नावांवर लाल फुल्या, म्हणजे ते 'त्यांचे'. कोपऱ्यावरच्या घरासमोर 'गटाराचं झाकण, लगेच'.

ते झाकण आठवड्यापूर्वीच बसलं होतं. आमच्या दारातल्या गटाराचं झाकण दोन वर्षांपासून तुटलेलं आहे. आम्ही त्यावर घरातली जुनी फरशी टाकून भागवतो.

मग एकेक लक्षात यायला लागलं. या वेळी आमच्या पक्षाचं कुणीच घरात आलं नव्हतं. प्रचारफेरी आमच्या फाटकापाशी आली की हलगीवाला जरा जोरात वाजवायचा, उमेदवार लांबूनच हात जोडायचे, पत्रक कडीत खोचलं जायचं आणि फेरी समोरच्या प्रश्नचिन्हाकडे वळायची. यांना मी म्हटलंही होतं, "आपल्याकडे कुणी आलं नाही हो." तर हे कौतुकानं म्हणाले, "आपल्याकडे कशाला येतील? आपण घरचे."

घरचे. या शब्दाचा मला आनंद व्हायला हवा होता.

पक्षाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं तर निम्मे वाचक म्हणतील, 'तरी आम्ही सांगत होतो', आणि उरलेले म्हणतील, 'बाई फितल्या'. आणि मला जे सांगायचं आहे ते कुठल्याही पक्षाच्या पक्क्या मतदाराला आपलंच वाटेल, अशी माझी खात्री आहे.

खरं तर हा पक्ष मला आडनावासारखा सासरहून मिळाला. माहेरी वेगळं चिन्ह होतं. वडील प्रचाराला सायकलवरून जायचे आणि पडलो तरी रात्री भजनाला बसायचे. लग्नानंतरच्या पहिल्या निवडणुकीत सासऱ्यांनी मला काही सांगितलं नाही, फक्त निघताना म्हणाले, "सूनबाई, आपलं चिन्ह वरून तिसरं आहे." मी वरून तिसऱ्यावर शिक्का मारला. तेव्हा मत दिलं म्हणण्यापेक्षा पाठ म्हणून दाखवला, असंच म्हणावं लागेल. पुढे वाचलं, सभा ऐकल्या, स्टाफरूममध्ये कडाकडा भांडले आणि कधीतरी हा पक्ष माझा स्वतःचा झाला. त्याचं म्हणणं मला पटतं. आजही पटतं. लोकसभेला आणि विधानसभेला माझं बोट दुसरीकडे जात नाही.

अडचण येते ती वॉर्डात आल्यावर. दिल्लीतला नेता भाषणातून भेटतो, मुंबईतला वर्तमानपत्रातून. वॉर्डातला माणूस आपल्याला पँट दुमडून चिखलातून जाताना दिसतो, लग्नात पंगतीला शेजारी बसतो, त्याच्या पहिल्या गाडीचा रंग आणि तिसऱ्या गाडीचा नंबर आपल्याला ठाऊक असतो. त्याचं घर एक मजली होतं तेव्हापासून आपण ते पाहत आलेलो असतो. दुसऱ्या पक्षाचा माणूस असा वागला की आपण म्हणतो, 'त्यांचं तसंच असतं'. आपल्या पक्षाचा वागला की मात्र पोटच्या पोराची तक्रार घेऊन शेजारीण दारात उभी राहिल्यासारखं होतं. आधी आपण त्याची बाजू घेतो. मग दार लावून घेतो आणि विचार करत बसतो.

आमच्या वॉर्डातला आमच्या पक्षाचा माणूस माझा विद्यार्थी. चौथीत मी त्याला मॉनिटर केलं होतं. वर्गात नसले की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची हे त्याचं काम. तो नावं भराभर लिहायचा आणि माझी चाहूल लागली की त्यातली दोन-तीन बाहीनं पुसायचा. ती कुणाची असायची हे सगळ्या वर्गाला माहीत होतं, मलाही. मी कधी काही बोलले नाही, कारण वर्ग शांत राहायचा. आता त्याच्याबद्दल तक्रार करताना मला अधूनमधून तो फळा आठवतो.

2011 च्या अखेरीस तो पहिल्यांदा निवडून आला, 2016 ला दुसऱ्यांदा. त्याच्याबद्दल चांगलं सांगायचं तर पुष्कळ आहे, आणि तेही लिहायलाच हवं. एका पावसाळ्यात नाला फुगून मागच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा रात्री दोनपर्यंत हा माणूस गुडघाभर घाणीत उभा राहून जेसीबीवाल्याला वाट दाखवत होता. उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्डात नाव, कुणाला जिल्ह्याच्या दवाखान्यात खाट मिळवून देणं, पोलीस ठाण्यात रात्री अडकलेल्या पोराला समज देऊन सोडवून आणणं, ही सगळी कामं तो करतो. यातलं एकही काम कायद्यानं नगरसेवकाचं नाही. पण लोक तीच सांगतात आणि त्यावरूनच त्याला तोलतात. गावात त्याच्या आधीचा एक नगरसेवक पडला तो का पडला, तर एका मोठ्या घरातल्या मयतीला आला नाही म्हणून. गटारं त्याच्या काळात बरी होती म्हणे.

हे आपलंही खातं आहे, नुसतं त्यांचंच नाही. आपण त्याला सभागृहात काय केलंस ते कधी विचारत नाही. दहाव्याला आलास का, ते मात्र लक्षात ठेवतो.

सभागृहात तो काय करतो ते मी एकदाच पाहिलं. 2018 ला मी निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षी शाळेच्या छपराचा विषय सर्वसाधारण सभेत येणार असं कळलं. दोन वर्गांत पावसाळ्यात बादल्या ठेवून शिकवावं लागायचं. मी मुद्दाम जाऊन प्रेक्षकांत बसले. ज्यांनी ही सभा कधी पाहिली नसेल त्यांनी एकदा जरूर पाहावी. विषयपत्रिका हातात असते, एक कर्मचारी विषयाचा क्रमांक वाचतो, मजकूर पुरता व्हायच्या आत बाकांवरून "मंजूर, मंजूर" असा गलका होतो, सूचक कोण आणि अनुमोदक कोण याची नोंद होते आणि पुढचा क्रमांक येतो. छपराचा विषय चौदावा होता. तो आला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "याचं अंदाजपत्रक परत बघावं लागेल." विषय पुढच्या सभेवर गेला. मी त्याच्याकडे बघत होते. तो मोबाइलकडे बघत होता.

शेवटी ऐनवेळचे विषय आले. पत्रिकेत नसलेले, त्याच दिवशी अध्यक्षांच्या परवानगीनं घेतलेले. विषयपत्रिका वाचणाऱ्याला जे कळतं ते सगळं वरच्या यादीत असतं. जे कळू द्यायचं नसतं, त्याला ऐनवेळी म्हणतात. त्यात आमच्याच वॉर्डातल्या एका गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवायचं काम होतं. त्या गल्लीत ते आधीच बसलेले होते. तेच काढून नवे बसवायचे. काम नाव वाचून संपायच्या आत मंजूर झालं. अनुमोदक माझा मॉनिटर.

सभा सुटल्यावर तो लगबगीनं आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "बाई, छपराचं पुढच्या वेळी नक्की करतो." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. सवयीनं ठेवला गेला. घरी येऊन यांना सगळं सांगितलं, तर हे म्हणाले, "आपला माणूस आहे, बाहेर बोलू नकोस." आणि मी बोलले नाही. स्टाफरूममधल्या जुन्या मैत्रिणींपैकी एकीने विचारलं तेव्हा मी चक्क अंदाजपत्रकातल्या त्रुटींवर तिला पाच मिनिटं ऐकवलं.

त्रुटी काय होत्या, देव जाणे.

मग 2021 उलटलं. मुदत संपली आणि निवडणुकाच झाल्या नाहीत. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात, प्रभागरचनेचा घोळ, तारखांवर तारखा. राज्यभरच्या नगरपरिषदा, महापालिका आणि जिल्हा परिषदा एकेक करून प्रशासकांच्या हाती गेल्या. आमच्याकडे जवळजवळ चार वर्षं नगरसेवक हा प्राणीच अस्तित्वात नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं 6 मे 2025 ला निवडणुका घ्या म्हणून सांगितलं तेव्हा कुठे गाडं हललं.

सुरुवातीला मला बरं वाटलं होतं. म्हटलं, आता पेव्हर ब्लॉक तरी जागेवर राहतील. पण एक दिवस नळाला पाणी आलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि तिसऱ्या दिवशी मी फोन हातात घेऊन उभी राहिले तेव्हा कळलं की फोन करायचा कुणाला हेच ठाऊक नाही. कार्यालयात गेले. खिडकीतल्या माणसानं अर्ज आवक-जावकला द्या म्हणून सांगितलं. दिला. शिक्का मारलेली प्रत अजून माझ्याकडे आहे. खिडकीतला माणूस वाईट नव्हता, उर्मटही नव्हता. पण त्याला माझ्या मताची गरज नव्हती. आमचा मॉनिटर चार घरं सोडून राहतो. त्याला सकाळी सहाला उठवून "अरे, पाणी कुठे आहे?" असं ओरडता यायचं आणि तो लुंगीवरच मोटारसायकल काढून पाण्याच्या टाकीकडे सुटायचा. माजी झाल्यावरही तो गेला असता, पण तिथे त्याचं आता कोण ऐकणार?

शिव्या घालायलासुद्धा हक्काचा माणूस लागतो, हे त्या चार वर्षांत शिकले. 1992 च्या 73 आणि 74 व्या घटनादुरुस्त्यांवर निवडणूक प्रशिक्षणात आणि परीक्षांच्या पेपरात कितीदा तरी उत्तरं वाचली होती. पाच वर्षांची मुदत, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग वगैरे. ते सगळं घटनेत जसंच्या तसं होतं आणि आमच्या नळाला पाणी नव्हतं.

याच काळात वर पक्ष फुटत होते. 2022 च्या जूनमध्ये शिवसेना, 2023 च्या जुलैत राष्ट्रवादी. नाव कुणाचं, चिन्ह कुणाचं, याचे निकाल निवडणूक आयोग देत होता. गावात त्याचा अर्थ एवढाच असायचा की कालपर्यंत एकाच टेबलाशी बसणारे दोघं आता दोन टेबलांशी बसायला लागले आणि 'भावी नगराध्यक्ष' लिहिलेल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे वरच्या रांगेतले फोटो बदलले. खालचा मोठा फोटो तोच. सभागृहात निवडून आलेल्या सदस्यानं पक्ष सोडला किंवा व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, मोडला तर त्याला अपात्र ठरवायचा कायदा राज्यात 1986 चा आहे. पण सदस्यच नसतील तर तो लावायचा कुणाला? त्या चार वर्षांत ज्याला जिकडे जायचं तिकडे तो गेला. गळ्यातली उपरणी बदलली. काही जणांनी तर एकाच लग्नसराईत दोन बदलली.

मला अशा वेळी गणपतराव देशमुख आठवतात. सांगोल्यातून 11 वेळा आमदार, तेही एकाच शेतकरी कामगार पक्षाचे. 2021 मध्ये गेले. पक्ष आटत गेला, सत्ता बहुतेक वेळ दुसऱ्यांचीच होती, तरी माणूस हलला नाही. ते आमच्या पक्षाचे नव्हते आणि सांगोला आमच्यापासून लांब. पण आपल्या पक्षातल्या माणसांकडे बघताना मी मनातल्या मनात त्यांना शेजारी उभं करते, हे खरं. अन्याय होतो त्यांच्यावर, कळतं मला. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, आर. आर. पाटील जिल्हा परिषदेतून आले, देवेंद्र फडणवीस आणि एकनाथ शिंदे दोघेही नगरसेवक होते. खालून वर जायची वाट हीच आहे आणि या वाटेवर सगळेच काही गणपतराव होणार नाहीत. पण अनुमोदक होताना मोबाइलमधून मान तरी वर काढावी, एवढीच माझी अपेक्षा.

उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या दिवसाची गंमत तर काय सांगू. आमच्या पक्षात एक जुना कार्यकर्ता आहे. सासऱ्यांच्या काळापासून भिंती रंगवणारा, सभेच्या सतरंज्या अंथरणारा आणि सभा संपल्यावर त्या मोजून परत देणारा. दरवेळी त्याचं नाव चर्चेत असतं आणि दरवेळी 'इलेक्टिव्ह मेरिट' आडवं येतं. यंदा त्याला शब्द दिला होता. तो नवा शर्ट घालून, फाइल काखेत मारून तहसील कचेरीबाहेर उभा राहिला. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण ते सांगणारा कागद, घेऊन येणारी गाडी मुदत संपायला थोडा वेळ असताना आली. त्या फॉर्मवर नाव होतं एका कंत्राटदाराच्या पुतण्याचं. सतरंजीवाल्यानं अपक्ष म्हणून अर्ज भरला, दोन दिवस ताठ राहिला आणि वरून फोन आल्यावर मागे घेतला. स्वीकृत सदस्य करू असं सांगितलंय म्हणतो. स्वीकृत सदस्य म्हणजे कायद्याच्या भाषेत जाणकार, अनुभवी माणूस सभागृहात यावा म्हणून केलेली सोय. प्रत्यक्षात ती नाराजांची पुरचुंडी असते, आणि तिच्यावर आधीच चार-पाच जणांचा हात असतो.

नगराध्यक्षपदाचा आमचा उमेदवार निवडणुकीच्या तोंडावर आलेला. 2016 ला थेट नगराध्यक्ष निवडायचा होता तेव्हा हाच माणूस समोरून उभा होता. यांनी त्याच्याविरुद्ध चौकात भाषण केलं होतं, घसा बसेपर्यंत. थेट निवड पुढे 2020 मध्ये रद्द झाली, 2022 मध्ये परत आली, आणि आता तोच माणूस आमच्या चिन्हावर परत आला. यांनी जुन्या भाषणाची टिपणं असलेली वही माळ्यावरून काढली, थोडी वाचली आणि काही न बोलता परत ठेवून दिली.

आणि आमच्या प्रभागातल्या दोन जागांपैकी 'अ' जागा महिलेसाठी राखीव निघाली. म्हणजे मॉनिटरची बायको.

स्थानिक संस्थांमध्ये बायकांना निम्म्या जागा आपल्या राज्यात 2011 पासून आहेत. त्या निम्म्या बायकांमधल्या किती जणींचा मोबाइल नंबर नवऱ्याचा असतो, हे कुणी मोजलेलं नसेल. पत्रकावर तिचा हात जोडलेला फोटो, शेजारी त्याचा दीडपट मोठा, आणि संपर्कासाठी नंबर त्याचा. पण मी सगळ्यांना एका माळेत ओवणार नाही. आमच्याच नगरपरिषदेत मागच्या वेळी एक सदस्या होती, विरोधी पक्षाची. पहिलं वर्ष ती नवऱ्यानं कोपर मारल्यावर हात वर करायची. तिसऱ्या वर्षी ती स्वतःची वही घेऊन यायला लागली. छपराचा विषय पुढे ढकलला गेला त्या दिवशी "अंदाजपत्रकात नक्की काय बघायचंय?" एवढं विचारणारी ती एकटीच होती. तिला कुणी उत्तर दिलं नाही. आमच्या बाकांवरून हसू आलं. मी प्रेक्षकांत बसून खाली बघितलं.

मॉनिटरची बायको मला आवडते. शांत, हुशार, बी.कॉम. झालेली. तिला उभं राहायचं होतं की नाही हे तिला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. फेरीत ती आमच्या फाटकाशी क्षणभर थांबली होती, काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात मागून "वहिनी, चला, उशीर होतोय" अशी हाक आली.

प्रचार संपायच्या दोन दिवस आधी दुपारी बेल वाजली. दारात समोरच्या पक्षाची 'अ' जागेची उमेदवार, पंचविशीतली मुलगी, सोबत फक्त एक मैत्रीण. प्रशासकाच्या काळात पाण्यासाठी कार्यालयाबाहेर जे पाचसात जण बसले होते त्यात ही होती, एवढं मला आठवत होतं. म्हणाली, "काकू, तुमचं मत ठरलेलं असतं ते मला माहीत आहे. मी मत मागायला नाही आले. तुमच्या बाजूला पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं, एवढंच विचारायचं होतं." मी सांगितलं. तिनं लिहून घेतलं. जाताना तिचा पाय गटारावरच्या फरशीवर पडला, फरशी डुगडुगली. तिनं मागे वळून पाहिलं आणि वहीत अजून काहीतरी लिहिलं.

तिच्या यादीत आमच्या घरावर लाल फुली असणार. तरी ती आली. आमच्या यादीत आम्ही पक्के होतो, म्हणून कुणी आलं नाही.

तर 2 डिसेंबरला हातात स्लिप घेऊन रांगेत उभी राहिले तेव्हा डोक्यात हे सगळं होतं. नोकरीत असताना वर्षानुवर्षं मी टेबलाच्या पलीकडे बसून लोकांच्या बोटाला शाई लावली आहे. मशीनसमोर थबकणारी माणसं मी शेकड्यांनी पाहिली. 'एवढा काय विचार करतात?' असं तेव्हा वाटायचं.

तीन मतं द्यायची होती. नगराध्यक्षाला एक, 'अ' ला एक, 'ब' ला एक. निघताना यांनी बजावलं होतं, "पॅनल टू पॅनल हां. क्रॉस करायचं नाही." नगराध्यक्षाला मी आमचंच चिन्ह दाबलं, त्या माणसाला नव्हे, चिन्हाला. 'ब' लाही दाबलं, कंत्राटदाराच्या पुतण्याला. प्रत्येक यादीच्या तळाशी 'वरीलपैकी कोणीही नाही' होतं, त्याच्यावर एकदा नजर गेली. आपल्या राज्य निवडणूक आयोगानं 2018 मध्ये नोटाला काल्पनिक उमेदवार मानून त्याला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायचं ठरवलं आहे, हे मला प्रशिक्षणामुळे माहीत होतं. पण मला कोणीही नको असं नव्हतंच. मला कोणीतरी हवं होतं. 'अ' ची यादी शेवटी ठेवली होती. आमच्या चिन्हावर बोट गेलं, तिथून निघालं आणि दोन ओळी खाली जाऊन थांबलं. दाबलं. तिसरं मत पडलं तसं मशीन लांबलचक वाजलं. मला उगाचच वाटलं, बाहेर सगळ्यांना ऐकू गेलं.

पुरुषांची रांग लहान होती, तरी हे माझ्यानंतर आले. मी बाहेर झाडाखाली बरीच उभी होते. विचारलं, "एवढा वेळ?" म्हणाले, "गुडघे."

मतमोजणी दुसऱ्या दिवशी व्हायची होती. पण काही ठिकाणचं मतदान पुढे गेल्यामुळे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं राज्यातले सगळेच निकाल 21 डिसेंबरला एकत्र लावायला सांगितले. मशीनं कुलपात आणि कुलपाबाहेर कार्यकर्ते पाळीपाळीनं जागत बसलेले. ते एकोणीस दिवस मी घरात चोरासारखी वावरले. हे मला रोज अंदाज सांगायचे, "आपल्या गल्लीचा प्रश्नच नाही." मी हो म्हणायचे. लग्नाला चाळीस वर्षं झाली, यांच्यापासून मी कधी काही लपवलं नव्हतं, आणि लपवलं तर काय, तर गटाराच्या फरशीवरून वळून पाहणारी एक मुलगी.

निकालात आमचा नगराध्यक्ष आला. 'ब' आला. 'अ' गेली, थोडक्यात.

दोन दिवसांनी संध्याकाळी मॉनिटर घरी आला. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा घरात आला. बायको बाहेर गाडीतच बसली होती. मी आत बोलवायला सांगितलं तर "राहू दे बाई, तिचं डोकं दुखतंय" म्हणाला. त्याच्याकडे केंद्रनिहाय आकडे होते आणि तीच हिरव्या शाईची यादी. आमच्या केंद्रावर नगराध्यक्षाला जेवढी मतं पडली, 'ब' ला जवळपास तेवढीच. 'अ' ला मात्र वीसेक कमी. "बाहेरच्यांनी पाडलं असतं तर काही वाटलं नसतं अण्णा," तो यांना म्हणाला, "हे पक्क्यांतलेच कुणीतरी आहेत. तुम्हाला गल्ली पाठ आहे. जरा बघा ना, कोण असतील." आणि पेन काढून दिलं.

यांनी चष्मा लावला. पान मांडीवर घेतलं आणि वरून एकेका घरावरून बोट खाली आणायला लागले. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी. आमच्या चार नावांवर बोट आलं. मुलगा आणि सून पुण्याला, ते मतदानाला आलेच नव्हते, म्हणजे उरलो आम्ही दोघंच. बोट तिथे थांबलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. मग बोट पुढे सरकलं आणि शेजारच्या घरासमोर यांनी सावकाश एक प्रश्नचिन्ह काढलं.

"वाटलंच होतं मला," मॉनिटर म्हणाला.

तो गेल्यावर मी बाहेरचा दिवा मालवला, फाटकाची कडी लावली. आत येऊन यांना विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला मशीनपाशी एवढा वेळ का लागला हो?"

"सांगितलं ना," हे म्हणाले, "गुडघे."